दुधाच्या रतिबाचं ॲप नो-कोडमध्ये करावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरपोच दुधाचा धंदा आहे, ४५० घरांचा रतीब आहे, लाईनवर सात पोरं आहेत आणि हिशेबाला तुम्ही आणि वहिनी. खाडा किंवा जादा दूध ग्राहक कधी फोनवर सांगतात, कधी व्हॉट्सॲपवर, कधी दारातच पोराला. महिना संपला की बिलांवरून वाद सुरू होतात. ओळखीच्या डेव्हलपरने ॲपचे ३ लाख रुपये सांगितले. भाचा म्हणतो, नो-कोडमध्ये, म्हणजे कोड न लिहिता तयार तुकडे जोडून ॲप बनवायच्या साधनात, महिन्याभरात उभं करून देतो. तुम्हाला फायदे-तोटे समजून घ्यायचे आहेत आणि पैसे कुठे घालायचे ते ठरवायचं आहे.

मी छोट्या व्यवसायांसाठी दोन्ही तऱ्हेची कामं करतो. काही कोड लिहून करतो, काही नो-कोड साधनांत. त्यामुळे एकाची बाजू घेण्याचं मला कारण नाही. उत्तर लांबेल, कारण दुधाच्या रतिबाचा हिशेब बाहेरून दिसतो तितका सोपा नसतो आणि निर्णय त्या हिशेबावरच ठरतो.

ॲप हवंय असं तुम्ही लिहिलंय. पण तुमचं वर्णन वाचून मला अडचण दिसते ती वेगळी आहे. खाडा कोणी सांगितला, कधी सांगितला, किती दिवसांचा सांगितला, याची दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी नोंद तुमच्याकडे नाही. ग्राहक म्हणतो, ‘१२ ते १६ आम्ही गावाला होतो, पोराला आधीच सांगितलं होतं.’ पोरगा म्हणतो, १३ तारखेला कुलूप दिसलं तेव्हा मला कळलं. ३ लाखांचं ॲप असो की भाच्याचं, सांगितल्या क्षणी नोंद झाली नाही तर हा वाद तसाच राहणार. म्हणून कुठलंही साधन निवडताना मी तीन गोष्टी बघेन. पहाटे पाच वाजता दारात उभं राहून नोंद करता येते का, नोंदीसोबत वेळ आणि नाव आपोआप राहतं का, आणि केलेली नोंद मागाहून गुपचूप खोडता येते का.

परिस्थितीनुसार उत्तर बदलतं, तेही आधीच सांगतो. येत्या दोन-तीन वर्षांत तुम्हाला ४५० ची दोन हजार घरं करायची असतील तर गणित वेगळं. ग्राहकांनी स्वतः ॲपमध्ये खाडा टाकावा अशी इच्छा असेल तर आणखी वेगळं. आणि भाचा दोन वर्षांनी नोकरीला बाहेरगावी जाणार असेल तर त्याचा विचार आजच करायला हवा. खालचं सगळं मी असं धरून लिहितो की घरं हळूहळू वाढतील आणि तुम्हाला आधी वाद थांबवायचे आहेत.

नो-कोडचा फायदा विचारला की लोक ‘स्वस्त’ आणि ‘झटपट’ म्हणतात. माझ्या अनुभवात खरा फायदा असा, की ज्याला धंदा कळतो त्यालाच बदल करता येतो. पहिल्या आठवड्यात तुम्हाला कळेल की पहाटेची यादी नावांच्या क्रमाने आली तर पोराला काही उपयोग नाही. त्याला ती जिन्याच्या क्रमाने हवी, आधी ए विंगचा वरचा मजला, मग खाली. एका घरी बेल वाजवायची नाही कारण तान्हं बाळ आहे, एका घरी दूध शेजारी द्यायचं, एका घरी दिवसाआड अर्धा लिटर. यातलं निम्मं तुम्ही डेव्हलपरला पहिल्या बैठकीत सांगणारच नाही. लपवता म्हणून नव्हे, ते तुमच्या हाताच्या सवयीत आहे, शब्दांत कधी आलेलंच नाही. कोड लिहून घेतलं तर अशा प्रत्येक गोष्टीसाठी फोन, मग खर्चाचा अंदाज, मग आठवडाभर वाट. नो-कोडमध्ये दुपारी दूध वाटून आल्यावर अर्ध्या तासात बदल होतो आणि दुसऱ्या पहाटे तपासता येतो. सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत या गोष्टीची किंमत फार मोठी असते.

आता पैसे. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण वेगवेगळी साधनं वेगवेगळ्या गोष्टीचे पैसे घेतात. गूगलचं ॲपशीट माणशी पैसे घेतं. बबल २०२३ पासून ‘वर्कलोड युनिट’वर घेतं, म्हणजे तुमचं ॲप डेटाबेस किती वेळा वाचतं, किती कामं चालवतं त्यावर. फ्लटरफ्लो ॲप बनवणाऱ्याकडून घेतं, वापरणाऱ्यांच्या संख्येवर नाही, मात्र त्याच्या मागचा डेटाबेस वेगळा घ्यावा लागतो.

ॲपशीटचंच उदाहरण घेऊ, कारण तुमच्या कामाला मला ते सगळ्यांत जवळचं वाटतं. त्याच्या कोअर योजनेचा दर माणशी महिन्याला १० डॉलर आहे. सात पोरं, तुम्ही आणि वहिनी मिळून नऊ जण, म्हणजे ९० डॉलर, साधारण आठ हजार रुपये, वर जीएसटी. तीन वर्षांचं धरलं तर पावणेतीन लाखांच्या वर जातं. डेव्हलपरने सांगितलेला आकडा ३ लाख होता, तेव्हा ‘नो-कोड म्हणजे फुकटात’ हा समज इथेच सोडून द्या. मात्र गूगल वर्कस्पेसच्या, म्हणजे गूगलच्या धंद्यासाठीच्या ईमेल-शीट्सच्या सेवेच्या, बहुतेक व्यावसायिक योजनांत ॲपशीट कोअर सोबतच मिळतं आणि वर्कस्पेसच्या सुरुवातीच्या योजनेचा भारतातला माणशी दर १० डॉलरच्या मानाने खूपच कमी आहे. प्रत्येक पोराला त्या योजनेतलं खातं काढून द्यावं लागेल, पण खर्च एकदम खाली येतो. पैसे भरण्यापूर्वी भाच्याला दोन्ही दर शेजारी मांडायला सांगा. बनवून तपासण्यापुरतं ॲपशीट दहा जणांपर्यंत फुकट वापरता येतं, म्हणजे पहिला महिना खिशाला हात न लावता जाईल.

याच दराने ४५० ग्राहकांना ॲपमध्ये घेतलं तर? साडेचार हजार डॉलर, महिन्याला जवळपास ४ लाख रुपये. हे शक्यच नाही. माझ्या सल्ल्याचा कणा या एका गुणाकारातून निघतो. तुमच्या कामाचे दोन भाग आहेत. एक आतला, नऊ जणांचा, रोज बदलणारा. दुसरा बाहेरचा, ४५० घरांचा, कमी बदलणारा पण संख्येने मोठा. माणशी पैसे घेणारं नो-कोड पहिल्या भागाला छान बसतं आणि दुसऱ्याला अजिबात बसत नाही. ‘आमच्या धंद्याला नो-कोड चालेल का’ असा सरसकट प्रश्न न विचारता ‘कुठल्या भागाला चालेल’ असं विचारलं की बरंचसं धुकं जातं.

आता हिशेबाकडे येतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण नो-कोडची जी ॲप मी बंद पडलेली पाहिली त्यांतली बहुतेक साधनामुळे बंद पडली नव्हती, तक्ते चुकीचे मांडल्यामुळे बंद पडली होती.

भाचा बहुधा अशी मांडणी करेल: रोज प्रत्येक घराची एक ओळ, तारीख, किती लिटर, दिलं की नाही. ४५० घरं गुणिले ३० दिवस म्हणजे महिन्याला १३,५०० ओळी, वर्षाला दीड लाखाच्या वर. गूगल शीट्समध्ये एका फाईलला एक कोटी कप्प्यांची मर्यादा आहे, त्यामुळे कागदावर जागा पुरते. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी ॲप रखडायला लागतं, कारण फोनला एवढा तक्ता खाली उतरवावा लागतो. एअरटेबल या ऑनलाइन तक्त्यांच्या साधनाच्या फुकट योजनेत एका बेसला, म्हणजे तक्त्यांच्या एका संचाला, १,००० नोंदींची मर्यादा आहे, म्हणजे तिसऱ्याच दिवशी ती संपेल.

जुन्या गवळ्यांची पद्धत यापेक्षा शहाणी होती. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजचं दूध कोणी लिहीत नसे, फक्त खाडा आणि जादा दूध लिहीत. बाकीचे दिवस ठरल्याप्रमाणे. तुमच्या तक्त्यांतही तेच करा. एक तक्ता घरांचा. एक तक्ता रतिबाचा: कुठलं घर, म्हशीचं की गाईचं, किती, रोज की दिवसाआड, कुठल्या तारखेपासून. एक तक्ता फरकांचा, ज्यात खाडे आणि जादा दूध. घरटी महिन्याला चार फरक धरले तरी १,८०० ओळी होतात, वर्षाला २१,६००. एवढं ओझं कुठलंही साधन सहज पेलतं. सकाळची यादी या तीन तक्त्यांतून आपोआप निघते. दिवसाआड असलेल्या घरांसाठी सुरुवातीच्या तारखेपासून दिवस मोजायचे, सम आला की दूध, विषम आला की नाही.

चौथा तक्ता दरांचा हवा आणि तोच बहुतेक जण विसरतात. दर ग्राहकाच्या ओळीत किंवा एका कोपऱ्यातल्या कप्प्यात लिहून ठेवला तर दरवाढीच्या दिवशी मागची सगळी बिलं बदलतात. समजा एका घरी रोज १ लिटर म्हशीचं दूध जातं. दर १५ तारखेपर्यंत ७२ रुपये, १६ पासून ७४. महिना ३० दिवसांचा, खाडा १२ ते १६, आणि २५ ला १ लिटर जादा. पहिल्या पंधरवड्यात चार खाडे गेले, उरले ११ दिवस, ७२ च्या दराने ७९२ रुपये. दुसऱ्या पंधरवड्यात एक खाडा गेला आणि एक लिटर वाढलं, म्हणजे १५ लिटर, ७४ च्या दराने १,११० रुपये. एकूण १,९०२. आता दर एकाच कप्प्यात ठेवणारं ॲप काय करेल? २६ लिटर गुणिले ७४, म्हणजे १,९२४. २२ रुपयांचा फरक, आणि ग्राहक बरोबर, तुम्ही चूक. वहीवर असे वाद होत होते तेव्हा माणसाची चूक म्हणून सुटत होते. छापील बिलावर झाले की लोकांचा विश्वासच उडतो. म्हणून दराच्या तक्त्यात ‘कुठल्या तारखेपासून’ हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि बिल एकदा काढलं की त्याची रक्कम आकडा म्हणून गोठवा, सूत्र म्हणून ठेवू नका.

नोंद बदलू नये, नवी ओळ घालावी, हाही नियम करा. १२ ते १६ चा खाडा ग्राहकाने १४ पर्यंत कमी केला तर जुन्या ओळीत खाडाखोड न करता ती ‘रद्द’ अशी खूण करून ठेवा आणि नवी ओळ घाला. याला दोन कारणं आहेत. एक, वाद झाला तर सगळा इतिहास समोर असतो. दुसरं, दोन फोनवरून एकच ओळ बदलली गेली तर बहुतेक साधनांत शेवटी पोचलेला बदल टिकतो आणि आधीचा नाहीसा होतो. लाईनवरच्या पोराने आणि वहिनींनी एकाच सकाळी एकच ओळ बदलणं अगदी रोजचं आहे.

नेटवर्कचं बोलू. तळमजल्याचं पार्किंग, लिफ्ट, जुन्या वाड्यांचे जिने, इथे फोनला रेंज नसते. ॲपशीट इंटरनेट नसताना नोंद फोनवर ठेवतं आणि रेंज आली की वर पाठवतं. ग्लाइड या आणखी एका नो-कोड साधनात किंवा बबलमध्ये केलेलं ॲप मुख्यतः वेबवर चालतं, त्याला इंटरनेट लागतंच. शहरातल्या एखाद्या ऑफिससाठी हा फरक किरकोळ आहे. तुमच्यासाठी साधन निवडताना हा पहिला निकष असायला हवा. फक्त एक लक्षात ठेवा: नोंद केल्याची वेळ आणि वर पोचल्याची वेळ वेगवेगळी असते. नोंदीत फोनवर लिहिल्याची वेळ ठेवा.

यानंतर सगळ्यांत गंभीर भाग. खाड्यांचा तक्ता म्हणजे कुठलं घर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत बंद आहे याची यादी. शेजारी पत्ता आणि फोन नंबर. ही माहिती चुकीच्या हाती गेली तर काय होऊ शकतं हे मी सांगायला नको. आणि नो-कोडमध्ये अगदी इथेच सगळ्यांत जास्त गफलत होते, कारण ‘दिसत नाही’ आणि ‘पोचत नाही’ या दोन गोष्टी बनवणाऱ्याला सारख्याच वाटतात.

ॲपशीटमध्ये ‘स्लाइस’ वापरून पोराला फक्त त्याची लाईन दाखवता येते. पण स्लाइस नुसतं दाखवणं थांबवते, सगळा तक्ता त्याच्या फोनवर उतरलेलाच असतो. ‘सिक्युरिटी फिल्टर’ लावला तर बाकीच्या ओळी फोनपर्यंत येतच नाहीत. ग्लाइडमध्ये हेच काम ‘रो ओनर्स’ करतात, नुसता फिल्टर करत नाही. बबलमध्ये ‘प्रायव्हसी रूल्स’ लिहावे लागतात. नाहीतर स्क्रीनवर दिसत नसलेली माहिती ब्राउझरमधून जाणकाराला काढता येते. भाच्याला सांगा की प्रत्येक पोराला फक्त त्याच्या लाईनच्या आणि फक्त आज-उद्याच्या ओळी पोचल्या पाहिजेत. आणि मूळ शीट कुणालाही शेअर करायची नाही. ॲप ती मालकाच्या खात्यातून वाचतं, पोरांना ती उघडायची गरजच नाही. पोराने काम सोडलं की त्याच दिवशी त्याचं खातं बंद.

कायद्याचंही भान ठेवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. ग्राहकांची नावं, पत्ते, नंबर डिजिटल स्वरूपात ठेवणाऱ्यावर ती नीट सांभाळण्याची जबाबदारी येते, आणि त्यातली दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान धंद्याला एवढा दंड होईल असं मी म्हणत नाही. पण ‘आम्ही छोटे आहोत’ ही सबब घेऊन बसू नका.

आता तोट्यांतला सगळ्यांत चर्चेतला मुद्दा: कंपनी बंद पडली किंवा दर वाढवले तर? भीती खरी आहे. गूगलचंच ‘ॲप मेकर’ नावाचं असं साधन होतं. जानेवारी २०२० मध्ये ते बंद होणार असं जाहीर झालं, त्याच महिन्यात गूगलने ॲपशीट विकत घेतलं, आणि १९ जानेवारी २०२१ ला ॲप मेकर बंद झालं. त्यात बनवलेली ॲप दुसरीकडे नेता येत नव्हती, ती नव्याने बनवावी लागली. डेटाबेसमधल्या नोंदी मात्र वापरणाऱ्यांच्या स्वतःच्या क्लाउड खात्यात होत्या, त्या शाबूत राहिल्या. बबलमध्येही नोंदी फाईल करून बाहेर काढता येतात, बनवलेलं ॲप कोड म्हणून मिळत नाही. फ्लटरफ्लोच्या पैसे भरून घेतलेल्या योजनेत कोड मिळतो, पण त्या कोडमध्ये हाताने केलेले बदल परत त्याच्या ॲप जोडायच्या पडद्यावर येत नाहीत, वाट एकेरी आहे.

म्हणून ॲप कधीतरी पुन्हा बनवावं लागेल हे आजच मान्य करा, आणि नोंदींना मात्र धक्का लागू देऊ नका. तुमचे चार तक्ते तुमच्या स्वतःच्या खात्यातल्या शीटमध्ये असतील, दर रविवारी त्यांची प्रत संगणकावर उतरवून ठेवत असाल, तर उद्या साधन बदललं तरी नव्या साधनात तेच तक्ते जोडता येतात. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस आलं, तेव्हापासून लोक प्रोग्रामरशिवाय हिशेबाची साधनं बनवताहेत. त्या काळच्या ज्या दुकानांचा डेटा मी नंतर हलवला, तिथे पडदे जुने झाले होते, पण तक्ते नीट असतील तिथे काम सहज झालं.

आणि डेव्हलपरकडे गेलात तर अडकणार नाही असं समजू नका. मी पाहिलेल्या कितीतरी धंद्यांत कोड डेव्हलपरच्या संगणकावर, सर्व्हर त्याच्या नावावर, प्ले स्टोअरचं खातंही त्याचंच. तो दुसऱ्या कामाला लागला की मालक हात चोळत बसतो. शिवाय कोडचं ॲप एकदा बनवून संपत नाही. प्ले स्टोअरवर टिकायचं तर अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीशी दरवर्षी जुळवून घ्यावं लागतं. ३ लाखांच्या कामाला मी देखभालीचा वर्षाला पाचवा हिस्सा धरतो, म्हणजे ६० हजार, वर सर्व्हरचं भाडं.

प्ले स्टोअरबद्दल एवढंच सांगतो की तुमच्या नऊ जणांना त्याची गरज नाही. ॲपशीटचं स्वतःचं ॲप फोनवर टाकलं की त्यात तुमचं ॲप उघडतं. पुढे कधी ग्राहकांसाठी स्टोअरवर जायचं झालं तर गूगलची एकदाची नोंदणी फी २५ डॉलर आहे, ॲपलची दरवर्षी ९९. वैयक्तिक नावाने नवं खातं काढलं तर गूगल आधी बारा जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यायला लावतं. हा वेळ नियोजनात धरा.

मराठीचा एक मुद्दा, कारण तो नेहमी शेवटी कळतो. काही साधनांतून निघालेल्या पीडीएफ बिलात जोडाक्षरं सुटी होतात, वेलांटी भलत्या अक्षरावर जाते. पहिल्याच दिवशी ‘ज्योत्स्ना सूर्यवंशी’ आणि ‘श्रीकृष्ण कुऱ्हाडे’ या दोन नावांची बिलं काढून बघा. ती नीट आली तर बाकीची येतील. शोधतानाही नावावर अवलंबून राहू नका. कुऱ्हाडे हे नाव दोन फोनवर दोन वेगळ्या तऱ्हांनी टाईप होऊ शकतं, डोळ्यांना सारखं दिसतं आणि संगणकाला वेगळं. प्रत्येक घराला लाईनचा आणि घराचा मिळून एक नंबर द्या, तोच बिलावर, तोच पोराच्या यादीत.

पैशांच्या वसुलीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण भाचा हमखास सुचवेल. बिलासोबत रक्कम आधीच टाकलेली यूपीआयची लिंक किंवा क्यूआर पाठवता येतो. ग्राहकाला आकडा टाईप करावा लागत नाही, तुम्हाला जादा खर्च नाही. पण पैसे आले हे तुमच्या ॲपला त्यातून कळत नाही. बँकेचा मेसेज बघून वहिनींनाच ‘जमा’ अशी खूण करावी लागेल. ते आपोआप व्हायला हवं असेल तर पेमेंट गेटवे, म्हणजे पैसे स्वीकारून ॲपला तसं कळवणारी सेवा, जोडावा लागतो, आणि ते काम मी नो-कोडवर हौसेने करणार नाही. पैशाच्या जुळवणीत एखादा व्यवहार दोनदा नोंदला गेला तर तो शोधायला कोड समोर असावा लागतो.

हल्ली एआयला वर्णन सांगून ॲप लिहून घेता येतं, हाही पर्याय भाच्याच्या मनात असेल. त्यातून खरा कोड मिळतो, म्हणजे साधनात अडकण्याचा धोका कमी. पण तो कोड वाचू शकणारं तुमच्याकडे कोणी नसेल तर वर सांगितलेली ‘दिसत नाही पण पोचतं’ ही चूक त्यात राहून गेल्याचं कळणारही नाही. तक्त्यांची मांडणी तपासायला, बिलाची उदाहरणं बनवायला एआय जरूर वापरा.

मग मी तुमच्या जागी काय करेन ते सांगतो. ३ लाख आत्ता खर्च करणार नाही. भाच्याकडून ॲपशीटवर फक्त आतलं काम करून घेईन: पहाटेची यादी, खाडा आणि जादा दुधाची नोंद, महिन्याचं बिल. ग्राहकांसाठी काहीही नवं नाही, त्यांनी व्हॉट्सॲपवरच कळवावं. फक्त एक गोष्ट वाढवेन. वहिनींनी किंवा पोराने खाडा नोंदवला की त्याच पडद्यावर एक बटण असावं, ज्याने ग्राहकाच्या व्हॉट्सॲपवर मजकूर तयार होऊन उघडेल: ‘घर क्र. ३-४२, १२ ते १६ खाडा नोंदवला.’ पाठवा दाबलं की झालं. व्हॉट्सॲपच्या साध्या लिंकने हे होतं, त्याला पैसे पडत नाहीत. नोंदीची पावती ग्राहकाच्या स्वतःच्या फोनमध्ये, तारीख-वेळेसह. तुमचे निम्म्याहून जास्त वाद या एका बटणाने मिटतील असं मला वाटतं. सोबत खाडा कळवायची वेळ ठरवा, आदल्या रात्री आठपर्यंत, आणि ती प्रत्येक बिलाखाली छापा.

सुरुवात एकाच लाईनवर करा, सगळ्यांत समजूतदार पोराच्या. तो महिना वहीही चालू ठेवा आणि महिनाअखेरीस दोन्हीची बिलं शेजारी ठेवून बघा. जिथे फरक येईल तिथे ॲप चूक की वही, हे शोधल्याशिवाय दुसरी लाईन जोडू नका. चालू ॲपमध्ये बदल करायचाच नाही, आधी प्रतीत करायचा आणि तिथे चालला की मग खऱ्यात. २८ ते ५ तारखेदरम्यान तर हातच लावायचा नाही. भाच्याने कुठलं सूत्र कशासाठी लिहिलं ते एका वहीत मराठीत उतरवावं, आणि ॲपचं, शीटचं मूळ खातं तुमच्या नावाने असावं, त्याच्या नाही.

डेव्हलपरकडे कधी जायचं? ग्राहकांनी स्वतः नोंद करावी अशी मागणी खरोखर यायला लागली, किंवा घरं हजाराच्या पुढे गेली, किंवा पैशांची जुळवणी हाताने आवरेनाशी झाली, तेव्हा. त्या वेळी तुमच्याकडे वापरून घासलेले चार तक्ते आणि वर्षभराच्या नोंदी असतील. त्याला ‘एक ॲप करून दे’ असं न सांगता ‘हे तक्ते, ही बिलं, एवढंच ग्राहकांच्या बाजूचं करून दे’ असं सांगता येईल. त्याचा आकडा तेव्हा वेगळा असेल आणि तो पाळलाही जाईल. करारात कोड, सर्व्हर, डोमेन आणि प्ले स्टोअरचं खातं तुमच्या नावावर, हे चारही लिहून घ्या.

भाच्याने काम सुरू करण्यापूर्वी मागच्या महिन्यातली दहा घरं काढा: दोन साध्या रतिबाची, दोन दिवसाआडची, दोन खूप खाड्यांची, दोन जादा दुधाची, आणि दोन जिथे वाद झाला होता ती. त्यांची बिलं हाताने करून ठेवा. दर वर्षात किती वेळा बदलतो आणि मध्येच रतीब वाढवणारी घरं किती, तेही इथेच लिहा, ग्राहकांची नावं-नंबर वगळून. त्यावरून चार तक्त्यांचे रकाने मी सुचवतो.